आइसबॉक्सबरोबर सहा दिवस

आठ वर्षं मी प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या एकाच बाजूला बसले. समोरून नमुने यायचे. गाठ सुटलेल्या पिशवीतलं शेण, उन्हात शिजून चॉकलेटी झालेलं रक्त, आणि सोबत चिठ्ठी: ‘कोंबडी मयत, तपासून कळवावे.’ कोणत्या वयाची, किती मेल्या, कधीपासून, काही नाही. मी कपाळाला हात लावायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, ‘नमुना तपासणीयोग्य नाही’. हे इतक्या वेळा लिहिलं की शेवटी शिक्काच करून घ्यावा असं वाटायला लागलं होतं.

फिरतीवर असणारे एक ज्येष्ठ पशुवैद्यक आहेत, मी त्यांना सर म्हणते. एकदा फोनवर वैतागून ते म्हणाले, “मॅडम, एकदा याच बरोबर. बघू तुम्ही कसा योग्य नमुना आणता ते.”

गेले. हे त्या सहा दिवसांचं टिपण.

निघायच्या आदल्या रात्री

सामान भरताना मी फार खुशीत होते. स्लाइडचे दोन डबे, मिथेनॉल, पेशी रंगवायचा जिम्सा स्टेन, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळ्या, निर्जंतुक स्वॅब, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालून केलेलं पाणी, चाळणी, थर्मामीटर, हातमोज्यांचं अख्खं खोकं. बॅटरीवर चालणारा छोटा मायक्रोस्कोप सरांनी स्वतःच्या मांडीवर ठेवायचा असं ठरलं. उतींचे तुकडे टाकायला दहा टक्के फॉर्मलिनने भरलेली रुंद तोंडाची बरणी मी आइसबॉक्सच्या कोपऱ्यात बसवली. झाकण घट्ट होतं, वर पिशवीही गुंडाळली होती. ही बरणी लक्षात असू द्या.

पहिला दिवस: गोठा

पाऊस नुकताच उघडला होता. गोठ्यात चौदा गाई आणि चार वासरं, त्यातली एक संकरित गाय तीन दिवसांपासून चारा सोडून उभी. मी नळी काढून पुढे झाले तर सरांनी हाताने थांबवलं आणि ते नुसते गाईभोवती फिरत राहिले. मग खाली वाकून कासेजवळ, शेपटीखाली, कानाच्या पाळीत बोट फिरवलं. गोचीड. एक उपटून तळहातावर घेतला आणि मला दाखवला, जणू ओळख करून देत होते.

ताप १०६ अंश फॅरनहाइट. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी वर आलेली. लघवी मात्र स्वच्छ. या तीन गोष्टींनी अर्धं काम केलं होतं. लघवी लालभडक असती तर आधी बबेसिया या रक्तातल्या परजीवीचा संशय आला असता. गोचिडांमुळे जनावरांत हा रोग पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं, त्याआधी कीटक किंवा गोचीड असला रोग वाहून नेतात हे कुणी असं दाखवून दिलं नव्हतं. इथे लघवी साफ आणि गाठ सुजलेली, म्हणजे संशय थायलेरियाचा, गोचिडांतूनच येणाऱ्या दुसऱ्या परजीवीचा.

कानाच्या टोकाला सुई टोचून पहिला थेंब स्लाइडवर घेतला. शिरेतलं रक्त घेण्यापेक्षा हा केशवाहिन्यांतला थेंब का बरा, हे मी पुस्तकात वाचलं होतं: बबेसियाच्या एका जातीची बाधा झालेल्या पेशी तिथेच अडकून बसतात. पण गाय मान झटकत असताना, एका हाताने कान धरून, दुसऱ्या हाताने स्लाइडवर स्लाइड ओढायची हे पुस्तकात नव्हतं. माझा पहिला स्मिअर, म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा थर, झाडूने सारवल्यासारखा निघाला. चौथा बरा आला. मग सरांनी त्या गाठीत सुई घालून थेंबभर पाणी ओढलं आणि त्याचीही स्लाइड केली.

रात्री मुक्कामाच्या खोलीत बेसिनच्या कडेला स्लाइड मांडल्या. मिथेनॉलमध्ये बुडवून पक्क्या केल्या, मग अर्धा तास जिम्सा. लाल पेशींमध्ये बारीक अंगठ्या आणि स्वल्पविरामासारखे ठिपके दिसले. मी लगेच म्हटलं, “सापडला!”

“थांबा. बरं होऊन गेलेल्या गाईच्या रक्तातही या अंगठ्या वर्षानुवर्षं दिसतात. ही गाय आज याच्यामुळेच आजारी आहे का, ते सांगा.”

त्याचं उत्तर गाठीच्या स्लाइडवर होतं. लिम्फोसाइट पेशींच्या आत जांभळट ठिपक्यांचे निळे पुंजके, रॉबर्ट कॉखच्या नावाने ओळखले जाणारे. हे भरपूर दिसले म्हणजे परजीवी सध्या जोरात वाढतो आहे. सरांनी तिथूनच मालकाला फोन केला.

त्याच गोठ्यातल्या एका वासराला बारीक ताप होता. त्याच्या दोन स्लाइड मी अंधार पडता पडता केल्या होत्या, पण डोळे इतके चुरचुरत होते की त्या उद्यावर टाकल्या. डब्यात घातल्या, डबा आइसबॉक्समध्ये.

दुसरा दिवस: शेळ्या

सुमारे साठ शेळ्यांचा कळप. सांभाळणाऱ्या मावशींनी आम्ही उतरताच सांगितलं, “डॉक्टर, जंताचं औषध दोनदा पाजलं, तरी गळतायत.” सरांनी विचारलं, किती पाजलं, वजन करून का अंदाजाने, आणि सगळ्यांना एकच का. मावशींनी बाटलीचं बूच दाखवलं. मोठ्या बोकडालाही एक बूच, करडालाही एक बूच.

मग एकेक शेळी पायांत धरायची, वरची पापणी अंगठ्याने खाली दाबायची, खालची ओढायची, आणि आतला रंग तक्त्याशी ताडून बघायचा. या तक्त्याचं नाव फमाचा. तो बनवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान यांच्या नावाच्या अक्षरांवरून ते पडलं. लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच पायऱ्या. पाचवी पायरी कागदासारखी पांढरी. चाळीस पापण्या बघितल्यावर माझी पाठ धरली, पण एक गोष्ट कळली: तक्ता हातात न धरता, नुसत्या आठवणीने बघायला लागलं की माणूस पायरी चुकवतो. सर अजूनही प्रत्येक वेळी तक्ता पुढे धरतात. तीनचार शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरून थुलथुलीत पिशवी लोंबत होती.

लेंड्या जमिनीवरच्या घ्यायच्या नाहीत, बोटाने गुदद्वारातूनच काढायच्या. जमिनीवर पडल्या की मातीतले, कुणाचंही काही न बिघडवणारे सूत्रकृमी त्यात शिरतात आणि मायक्रोस्कोपखाली माझ्यासारखीला फसवतात. प्रत्येक शेळीच्या दोन पिशव्या भरल्या. एक हवा दाबून काढून बर्फात, कारण उबेत अंडी एका दिवसात फुटतात आणि मोजायला काही उरत नाही. दुसरी बर्फाबाहेर, कारण तिच्यातून अळ्या वाढवायच्या होत्या आणि या जंताच्या अंड्यांना थंडी सोसत नाही. एकाच शेळीच्या लेंड्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी जायच्या. आठ वर्षं मी सरसकट सगळ्यांना ‘नमुना बर्फात पाठवा’ असं सांगत आले होते.

सकाळीच मेलेलं एक करडू मावशींनी सावलीत झाकून ठेवलं होतं. सरांनी ते उघडलं. चौथं पोट कापून तबकात पसरलं, आणि मला वाटलं आतली त्वचाच हलते आहे. केसाएवढे बारीक, दोन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे जंत, शेकड्यांनी. एक चिमट्याने उचलून उजेडात धरला: रक्ताने भरलेली लाल नळी आणि तिच्याभोवती पीळ घातलेलं पांढरं गर्भाशय, लालपांढऱ्या पट्ट्यांच्या दोरीसारखं. हिमाँकस. असा एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो. आकडा फुटकळ वाटतो. पाच हजार जंतांचं गणित केलं तर रोज पाव लिटर. पापण्या पांढऱ्या का पडतात हे त्या तबकात लख्ख दिसत होतं. आतड्याचे, यकृताचे, मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मलिनच्या बरणीत गेले.

सरांनी मूत्रपिंड बोटाने चेपून पाहिलं होतं, तेव्हा मी विचारलं, आंत्रविषार असेल का? “असेलही. पण त्याचा जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही बसलेला असतो. नुसता तो सापडून काही होत नाही, विष सापडलं पाहिजे.” म्हणून आतड्यातला द्रव वेगळ्या बाटलीत बर्फावर घेतला.

संध्याकाळी मोजणी. दोन ग्रॅम लेंड्या, अठ्ठावीस मिलिलिटर मिठाचं पाणी, घोटायचं, गाळायचं, आणि मॅकमास्टर स्लाइडच्या दोन कप्प्यांत भरायचं. सिडनीतल्या मॅकमास्टर प्रयोगशाळेवरून तिला हे नाव मिळालं, १९३९ पासून ती वापरात आहे. अंडी तरंगून वरच्या काचेला चिकटतात, माती खाली राहते. दोन्ही कप्प्यांतल्या अंड्यांना पन्नासने गुणायचं. एका शेळीची ६१ निघाली, म्हणजे ग्रॅमला ३,०५०.

पण सगळ्यात पांढऱ्या पापणीच्या शेळीची फक्त तीन, म्हणजे दीडशे. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तीन. सर म्हणाले, “अंडी घालायला जंताला तीनेक आठवडे लागतात. रक्त प्यायला तेवढं थांबावं लागत नाही.” आणि एका टणाटण उड्या मारणाऱ्या करडाच्या लेंड्यांत कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीच्या गाठींचा नुसता सडा. आकड्यावर विसंबून औषध दिलं असतं तर पांढरी शेळी सुटली असती आणि त्या धष्टपुष्ट पोराला उगाच दोन दिवस औषध पाजलं असतं.

मग वासराच्या स्लाइड काढल्या. मिथेनॉल, जिम्सा, अर्धा तास. धुतल्या. काचेवर सगळं शेवाळी निळंहिरवं. पेशींना कडा नाही, केंद्रकं कळत नाहीत. दुसरी स्लाइड तशीच. स्टेन बिघडला म्हणावं तर कालच्या स्लाइड त्याच बाटलीतून किती सुंदर रंगल्या होत्या!

सरांनी आइसबॉक्सचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि एक शब्दही न बोलता मला वास घ्यायला सांगितलं.

फॉर्मलिनची वाफ. झाकण कितीही घट्ट असलं तरी ती बाहेर येते आणि न पक्क्या केलेल्या रक्ताच्या स्लाइड खराब करते. ‘रक्ताचे स्मिअर व फॉर्मलिन एकाच खोक्यात पाठवू नये’ ही ओळ आमच्या सूचनापत्रकात आहे. सातव्या क्रमांकावर. ती मीच लिहिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन केला, तोवर गाईबरोबर वासरालाही थायलेरियाचं इंजेक्शन देऊन झालं होतं, आणि तेच योग्य होतं. वासरू पुढे बरंही झालं. पण त्याला नक्की काय झालं होतं हे कागदावर कधीच येणार नाही. त्याच्या नावापुढे मी माझाच लाडका शेरा लिहिला.

तिसरा दिवस

हा दिवस ठरलेल्या कार्यक्रमात नव्हता. एक बैल रात्री अचानक मेला, नाकातून काळपट रक्त, असा निरोप. पोचलो तेव्हा पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. भोवती जमलेल्यांपैकी एकाने सुरी आणून ठेवली होती, ‘डॉक्टर पोट फाडून बघतील’ म्हणून. सरांनी पहिलं काम केलं ते सुरी लांब ठेवायला लावण्याचं, दुसरं कुत्री हाकलायला लावण्याचं.

अचानक मेलेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलेलं जनावर उघडायचं नाही. अँथ्रॅक्सचा जंतू शरीरात असेपर्यंत नाजूक असतो, कुजता कुजता आपोआप मरतो. हवा लागली की तो बीजाणू बनवतो, आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये युद्धासाठी त्याचे प्रयोग झाले, १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून जमीन धुवावी लागली, आणि बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडलं.

मास्क, दुहेरी हातमोजे, कानाच्या शिरेवर एक बारीक छेद, दोन स्लाइड, एक स्वॅब. लगेच छेदावर जंतुनाशकात भिजवलेला कापूस. इतकंच. अँथ्रॅक्सचा जंतू रंगवून ओळखायची मॅकफॅडियनची पद्धत १९०३ ची आहे आणि अजून तिला तोड नाही: जुन्या मिथिलीन ब्लूमध्ये निळ्या, चौकोनी टोकांच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टन. मला निळ्या कांड्या दिसल्या, पुष्कळ. गुलाबी काही नाही. पण जनावर मरून चौदा तास उलटलेले. एवढ्या वेळात वेष्टन विरतं आणि आतड्यातले कुजवणारे जंतू रक्तात पसरतात, तेही कांड्यांसारखेच असतात. ‘आहे’ म्हणता येईना, ‘नाही’ म्हणणं तर त्याहून धोक्याचं. स्वॅब तिहेरी पॅकिंगमध्ये पुढे पाठवला, यंत्रणेला कळवलं, आणि उत्तर येईपर्यंत अँथ्रॅक्सच आहे असं धरून प्रेत न उघडता खोल पुरायला लावलं.

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

चौथा दिवस: दूध आणि डबकं

पहाटे दुधाचा गोठा. कासदाह ओळखायची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, १९५७ पासूनची. चार वाट्यांचं एक वल्ह्यासारखं प्लास्टिकचं भांडं, प्रत्येक सडाची थोडी धार एकेका वाटीत, तेवढंच निळंजांभळं द्रावण, आणि भांडं गोल गोल हलवायचं. तीन वाट्या पाण्यासारख्या फिरल्या, चौथीतलं दूध तारेसारखं घट्ट होऊन मधोमध गोळा झालं. द्रावण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतं, त्यांच्यातला डीएनए सुटतो, त्याने चिकटा येतो. डोळ्यांना दूध चांगलं दिसत होतं. सड गरम नाही, गाठ नाही. कासदाह आत लपलेला.

ही चाचणी सूज दाखवते, जंतू नाही. त्यासाठी कल्चर, आणि त्या नमुन्याची शिस्त मला इथे पहिल्यांदा हाताने कळली. सडाची टोकं स्पिरिटच्या कापसाने पुसताना आधी पलीकडची दोन, मग अलीकडची. दूध घेताना उलट: आधी अलीकडची, मग पलीकडची. नाहीतर पुसलेल्या सडाला आपलीच बाही घासते. पहिल्या धारा फेकून द्यायच्या, नळीचं बूच तोंड खाली करून धरायचं, नळी आडवी. प्रयोगशाळेत एका प्लेटवर तीन-चार तऱ्हेच्या वसाहती उगवल्या की आम्ही ‘दूषित’ लिहून मोकळे होतो. ती तिसरी-चौथी तऱ्हा कुठल्या बाहीवरून येते ते आज बघितलं.

दुपारी डबक्याकाठी चरणाऱ्या गाई. इथे मिठाच्या पाण्याचा उपयोग नाही, लिव्हर फ्लूक या यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी जड असतात, तरंगत नाहीत. शेण साध्या पाण्यात घोटून गाळायचं, पाच मिनिटं बसू द्यायचं, वरचं ओतायचं, पुन्हा पाणी, पुन्हा बसू द्यायचं, वरचं पाणी स्वच्छ होईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. शेवटच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की सगळा कचरा निळा होतो आणि फ्लूकची अंडी तेवढी सोनेरी पिवळी राहतात, एका टोकाला झाकण असलेली. शेजारीच तशीच, पण बिनरंगी काचेसारखी मोठी अंडी होती, ती कोठीपोटातल्या दुसऱ्या चपट्या कृमीची. रंग बघितला नसता तर दोन्ही एकाच रकान्यात गेली असती. लागण झाल्यावर ही अंडी दिसायला दहा-बारा आठवडे जातात, तोवर शेण निर्दोषच निघतं. सरांनी डबक्यातल्या दगडाखालून बारीक गोगलगायी काढून दाखवल्या, अर्धं आयुष्य हा कृमी त्यांच्यात काढतो.

पाचवा दिवस: पक्षीगृह

पक्ष्यांकडे निघताना सर म्हणाले, “आता घाई चालणार नाही. पक्षी आजार लपवतात. आपण समोर गेलो की मरणाऱ्यालाही हुशारी येते.” म्हणून आम्ही पहिला तासभर जाळीपासून लांब, एका बाकावर नुसते बसलो. पक्षी सांभाळणारे काका कुजबुजत ओळख करून देत होते. हळूहळू पक्षी आम्हाला विसरले. तेव्हा दिसलं: दोन फिंच पिसं फुगवून खाली बसलेत, एका होल्याची चोच ओली आहे, आणि कोपऱ्यातला एक पोपट श्वासागणिक शेपटी हलवतो आहे.

आधी होला. गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत कोमट सलाइनने ओला केलेला स्वॅब घातला, फिरवला, स्लाइडवर टेकवला. मायक्रोस्कोप तिथेच, उलट्या ठेवलेल्या दाण्याच्या डब्यावर. भिंगाला डोळा लावला आणि मी दचकलेच. नासपतीच्या आकाराचे जीव गिरक्या घेत, धडपडत, एका अंगाची झालर फडफडवत इकडून तिकडे पळत होते. ट्रायकोमोनास. आठ वर्षांत मी तो जिवंत कधीच पाहिला नव्हता.

काकांनाही दाखवला. ते बघत असेपर्यंत स्लाइड थंड होत गेली. पुन्हा मी बघितलं तेव्हा गिरक्या मंदावल्या होत्या. आणखी काही मिनिटांनी सगळं थांबलं. आता तिथे होत्या नुसत्या गोलसर पेशी, अशा पेशी कुठल्याही स्वॅबमध्ये असतात.

मला आमच्या नोंदवहीतली पानं आठवली. कबुतरांचे, होल्यांचे स्वॅब सहा-सहा तासांचा प्रवास करून, बर्फात घालून यायचे, आणि मी लिहायचे: ‘ट्रायकोमोनास आढळला नाही.’ वाक्य खरं होतं. मला आढळलाच नव्हता. पण वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘पक्ष्याला नाही’ असा घेतला असणार, आणि तसा तो घेतला जाईल हे मला कळायला हवं होतं.

पोपटाकडे सर घट्ट बसणारा मास्क लावून गेले, मला त्यांनी दाराबाहेरच उभं केलं. श्वासाचा त्रास, हिरवट विष्ठा, म्हणजे क्लॅमिडियाचा संशय घ्यायचाच. हा जंतू माणसालाही लागतो. १९२९-३० मध्ये देशोदेशी विकत नेलेल्या पोपटांबरोबर तो घराघरांत गेला होता आणि माणसं दगावली होती. तो साध्या प्लेटवर वाढत नाही, पेशीच्या आतच वाढतो, म्हणून पीसीआर. आणि तो रोज बाहेर पडत नाही. एकच स्वॅब डोळ्याच्या कडेला, मग टाळूच्या फटीत, मग विष्ठाद्वारात फिरवला. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण सांगायला नको. विष्ठा मात्र काकांनी पुढचे काही दिवस रोज थोडी गोळा करायची. पोपट वेगळ्या खोलीत हलवला.

फिंचच्या छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागत होतं. पिंजऱ्याच्या तळाला सकाळी कागद पसरला होता, त्यावरची विष्ठा घेतली. पक्ष्याच्या एका शिंतोड्यात तीन गोष्टी असतात: गडद विष्ठा, पांढरं युरेट आणि पाण्यासारखी लघवी. लघवी वाढली की मालक ‘जुलाब’ म्हणतो. इथे विष्ठाच पातळ होती. मिठाच्या पाण्यात तरंगवली, वीस मिनिटं थांबून पाहिलं. काही नाही. दुसरी स्लाइड. काही नाही. मी वहीत ‘निगेटिव्ह’ लिहायला लागले.

“पेन्सिलीने लिहा,” सर म्हणाले. “कागद बदला आणि चार वाजता परत घ्या.”

तेच पिंजरे, तेच पक्षी, तीच चाळणी. चार वाजताच्या शिंतोड्यांत दर क्षेत्रात आठ-दहा गोल, पातळ दुहेरी भिंतींच्या गाठी. आयसोस्पोरा, कॉक्सिडियाचाच एक प्रकार. लहान गाणाऱ्या पक्ष्यांत तो गाठी सोडतो त्या मुख्यतः दुपार उतरल्यावर. सकाळी आठला तपासणाऱ्याला निरोगी दिसणारा पक्षी संध्याकाळी रोगी असतो. असल्याच गाठी बहुधा लेवेनहुकने १६७४ मध्ये सशाच्या पित्तात पाहिल्या होत्या, आयमेरिया या दुसऱ्या प्रकाराच्या. दोघांतला फरक कळायला गाठ पिकू द्यावी लागते, म्हणून मी उरलेली विष्ठा अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घालून पसरट डबीत ठेवली. आइसबॉक्सच्या बाहेर. एव्हाना मी शिकत होते.

रात्री नऊला काका टॉर्च घेऊन आले. तितरांच्या पिंजऱ्यात पक्षी फिके पडत होते आणि दिवसा अंगावर एक किडा मिळत नव्हता. बसायच्या काठीखाली पांढरा कागद धरून काठीवर टिचकी मारली. मिरपूड सांडावी तसे ठिपके पडले आणि चालायला लागले. अंगठ्याने एक चिरडला, लाल रेघ उमटली. हे माइट दिवसा काठीच्या फटीत असतात, रात्री फक्त जेवायला वर येतात. मी दिवसभरात त्या पक्ष्यांचं रक्त, विष्ठा, पिसं सगळं गोळा केलं होतं. काठी सोडून.

सहावा दिवस: परत

फॉर्मलिनची बरणी गाडीच्या डिकीत, आइसबॉक्स पुढच्या सीटवर. प्रयोगशाळेत पोचल्यावर टेबलावर माझ्या गैरहजेरीत आलेली पाकिटं वाट पाहत होती. एकावर लिहिलेलं: ‘शेण, गाय.’ मी चिठ्ठीवरचा नंबर शोधून आधी फोन लावला, किती वाजता घेतलं, जमिनीवरून का हाताने, लघवीचा रंग कसा.

बैलाचं उत्तर दुपारी आलं, अँथ्रॅक्स नाही. मग कशाने मेला? फऱ्या, म्हणजे मांसात वाढणाऱ्या जंतूचा रोग, असेल तर मांसाचा तुकडा लागला असता, आणि प्रेत न उघडण्याचा निर्णय आमचा होता. तो निर्णय त्या सकाळी बरोबर होता आणि आजही आहे. मालकाला हे समजावायला सरांना बराच वेळ लागला.

दोन दिवसांनी पसरट डबीतला थेंब पाहिला. गाठी पिकल्या होत्या: आत दोन कोश, प्रत्येकात चार बारीक जीव. आयमेरिया असता तर चार कोश आणि प्रत्येकात दोन दिसले असते. काकांना कळवलं. लेंड्यांतून वाढवलेल्या अळ्या आठव्या दिवशी तयार झाल्या, जवळजवळ सगळ्या हिमाँकसच्या.

त्या संध्याकाळी मी शेळ्यावाल्या मावशींना फोन केला. सरांनी दुसऱ्या गटाचं औषध, यावेळी वजन करून, पाजलं होतं. त्यानंतर चौदाव्या दिवशी पुन्हा लेंड्या मोजायच्या, अंडी निदान पंचाण्णव टक्के कमी व्हायला हवीत, नाहीतर हेही औषध जंतांनी पचवलंय असं समजायचं.

“म्हणजे परत येणार तुम्ही? परत बोटाने काढणार?”

“हो मावशी.”

“त्याच शेळ्यांच्या?”

“त्याच. कानाला निळी फीत बांधलेल्या पंधरा. विकू नका तोवर.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मावशी म्हणाल्या, “त्यातली एक करडांनी फीत चावून खाल्लीय. पण मी ओळखते तिला.”

मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला आणि आइसबॉक्स धुवायला घेतला. वास अजून येत होता.